सेल्फ ड्रायव्हिंगसाठी बेस गाडी कुठली घ्यायची? भोसरीतल्या एका टीमचं पूर्ण प्रकरण

सेल्फ ड्रायव्हिंग प्रोजेक्ट सुरू करायचा म्हटलं की पोरं आधी लायडारवर (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) भांडतात, मग कॅमेरे किती, जीपीयू कुठला, आणि गाडीचं काय विचारलं तर अमक्याच्या काकांची एक पडून आहे ती मिळतेय की. मी आतापर्यंत पुण्यात जेवढे असे प्रोजेक्ट जवळून बघितले त्यातले बरेचसे सॉफ्टवेअरमुळे नाही अडकले, ते अडकले गाडीमुळे, आणि गाडीत पण नेमकं सांगायचं तर ब्रेकमुळे. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण या टीमने गाडीचा निर्णय सगळ्यात आधी आणि नीट मोजमाप करून घेतला आणि तो कसा घेतला हे बाकीच्यांच्या उपयोगाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी परिस्थिती. चाकणला एक ऑटो कंपोनंट बनवणारी कंपनी आहे, नाव नको. मेन गेटपासून मागच्या शेडपर्यंत आतला रस्ता साधारण किलोमीटरभर, मध्ये दोन काटकोनी वळणं, एक वजनकाटा आणि त्याच्यानंतर थोडा उतार, दिवसभर फोर्कलिफ्ट फिरतायत, ट्रक लागलेले, शिफ्ट सुटली की माणसांचा लोंढा. क्वालिटीवाले, ऑडिटर, व्हेंडर हे लोक दिवसभर गेट ते शेड करत असतात. प्लांट हेड साहेबांचं म्हणणं की या रस्त्यावर आपोआप फिरणारी गाडी हवी, वेग १५ किलोमीटरच्या वर नको आणि ड्रायव्हरच्या सीटवर माणूस कायम बसलेला असणार. टीम म्हणजे पुण्यातल्याच कॉलेजांतून नुकती बाहेर पडलेली तीन पोरं-पोरी, एक एम्बेडेडवाला जो हिंजवडीची नोकरी सोडून आलाय, आणि काका, म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्यांच्या आख्ख्या आयुष्यात गाडीच्या वायरिंगशिवाय दुसरं काही नाही. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे. मी मधूनमधून सल्ला द्यायला जातो. गाडीसाठी चार लाखांच्या आतबाहेर, बाय-वायरचं काम, म्हणजे हातापायांऐवजी विजेच्या सिग्नलने गाडी चालवायची सोय, त्याच्यावर वेगळं, सेन्सरचं बजेट तिसरंच.

कायद्याचं एक आधीच सांगून टाकतो कारण त्यानेच अर्धे पर्याय ठरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की आरसीवर कंपनीने मुळात दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. त्यात ड्रायव्हरलेस गाडी पब्लिक रोडवर टेस्ट करायला आपल्याकडे मोकळीक नाही. त्यामुळे या टीमने पहिल्याच दिवशी ठरवलं की बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवायचीच नाही, भोसरी ते चाकण फ्लॅटबेडवर टाकून न्यायची. नाशिक फाट्याहून चाकणपर्यंतचा ट्रॅफिक ज्यांना माहिती आहे त्यांना यातला त्रास कळेल, पण याला पर्याय नाही. आणि याच्यातूनच एक चांगली अट निघाली, ती म्हणजे जे काही बसवू ते काढलं की किंवा त्याची वीज गेली की गाडी परत नेहमीची गाडी झाली पाहिजे.

पर्याय काय होते ते बघू. एक, टीममधल्या एकीच्या मामांची डिझेल स्विफ्ट, मॅन्युअल, फुकट. दोन, सेकंडहँड सेलेरिओ एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. तीन, नॅनो जेनएक्स एएमटी, जी पोरांना खूप आवडलेली. चार, महिंद्राची ई-टू-ओ प्लस. पाच, टाटा टिगोर ईव्हीची जुनी पिढी, जी मुख्यतः फ्लीटमध्ये, म्हणजे टॅक्सी आणि कंपन्यांच्या ताफ्यात, गेली होती. आणि सहा, साहेबांची इच्छा, एखादी नवीन एसयूव्ही जिच्यात एडास (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) आधीपासूनच आहे, "लोक बघायला येतील ना हो".

साहेबांच्या इच्छेचं उत्तर पहिल्यांदा देतो कारण बऱ्याच जणांना तोच सोपा रस्ता वाटतो. एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ पासून अडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीनुसार वेग सांभाळणं) आणि लेन कीपिंग (गाडी लेनमध्ये ठेवणं) आहे, गाडी बनते पण चाकणलाच. म्हणजे स्टिअरिंग फिरवणारी मोटर, ब्रेक लावणारा पंप सगळं आत आहे, मग आपण फक्त कमांड द्यायची, असं वाटतं. पण लेन कीपिंग सहसा ६० च्या आसपासच्या वेगाच्या पुढेच जागं होतं, त्याचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो म्हणजे ड्रायव्हरला हाताने सहज मोडता यावा, आणि आपल्याला हवंय १५ च्या वेगात काटकोनात वळणं. शिवाय त्या कमांड कॅन बसवर (गाडीतल्या कॉम्प्युटरना जोडणारी वायर) कुठल्या फॉरमॅटमध्ये जातात, चेकसम (संदेश बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) काय, गेटवे काय अडवतो, हे बाहेरच्याला कोणी देत नाही. ते शोधत बसणं हा वेगळाच प्रोजेक्ट झाला. आणि वीस लाखांची गाडी पहिल्याच महिन्यात वॉरंटीबाहेर. साहेबांना हे कागदावर मांडून दाखवलं, त्यांनी एकदाच विचारलं "म्हणजे आहे पण वापरता येत नाही?" आणि विषय संपला.

बाहेरच्या देशांत लोकांनी काय केलं हे पण टीमने अभ्यासलं आणि ते महत्त्वाचं आहे. २००४ च्या डार्पा ग्रँड चॅलेंजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांच्या शर्यतीत, कोणीच शर्यत पूर्ण केली नव्हती, सगळ्यात पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरच्या आत अडकली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डची स्टॅनली जिंकली, दोनशेहून जास्त किलोमीटर वाळवंटातून, आणि ती होती फोक्सवॅगन टुआरेग, जिचं ड्राइव्ह-बाय-वायर खुद्द फोक्सवॅगनच्या लॅबने करून दिलं होतं. म्हणजे टीमचा वेळ गाडीत न जाता तिच्या डोक्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये गेला. नंतर कितीतरी टीम्सनी लिंकन एमकेझेड घेतली, बायडू या चिनी कंपनीच्या अपोलो या सेल्फ ड्रायव्हिंग प्रोजेक्टची रेफरन्स गाडी तीच होती, कारण तिचे थ्रॉटल (म्हणजे ॲक्सिलरेटरचं काम), ब्रेक, स्टिअरिंग, गिअर सगळेच इलेक्ट्रॉनिक आणि त्यावर तयार किट विकत मिळायचं. स्वस्तातला रस्ता म्हणजे ओएससीसी नावाचा ओपन सोर्स प्रोजेक्ट, तो किया सोलवर. आता बघा, सोलचं थ्रॉटल आणि स्टिअरिंग इलेक्ट्रॉनिक होतं म्हणून निवडली, पण पेट्रोल सोलमध्ये ब्रेकसाठी जुन्या टोयोटा प्रियसचा ब्रेक ॲक्च्युएटर (कमांड मिळाली की ब्रेक लावणारा भाग) आणून जोडावा लागायचा. एवढी हुशार माणसं, तरी शेवटचा घोळ ब्रेकपाशीच. यातली एकही गाडी भारतात विकली जात नाही आणि आयात करणं आपल्या बजेटचं काम नाही, पण धडा तोच राहतो.

थ्रॉटल, ब्रेक आणि स्टिअरिंग या तिघांत थ्रॉटल सगळ्यात सोपं. स्विफ्ट गाळ्याच्या दारातच उभी होती म्हणून शिकायला तीच घेतली. काका डॅशबोर्डखाली उताणे झोपले, तोंडात टॉर्च, ॲक्सिलरेटर पेडलच्या कनेक्टरमध्ये मागून दोन बारीक पिना घातल्या आणि मल्टिमीटर बाहेर पोरीच्या हातात. सहा वायरी. दोन पाच व्होल्टच्या, दोन ग्राउंड, दोन सिग्नल. पेडलला कोणी हात लावला नव्हता तेव्हा एका सिग्नलवर ०.७५ आणि दुसऱ्यावर ०.३७. काका म्हणाले "दाब आता, हळू", ती दाबत गेली तसे दोन्ही आकडे चढले पण दुसरा कायम पहिल्याच्या अर्धा. मध्येच काकांनी दुसरी पिन थोडी हलवली, संपर्क क्षणभर सुटला आणि लगेच चेक इंजिनचा दिवा लागला, इंजिनने रेस घेणं बंद केलं. यातच सगळं आलं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही सिग्नल सतत ताडून बघतो, गणित चुकलं की विश्वास ठेवत नाही, लिंप मोडमध्ये जातो, म्हणजे जोर कमी करतो. म्हणजे आपल्या बोर्डने दोन्ही व्होल्टेज त्याच प्रमाणात दिली तर गाडीला कळणार नाही की पाय आहे का कॉम्प्युटर, आणि मध्ये एक रिले (विजेने चालणारा स्विच) टाकायचा ज्याच्या नॉर्मली क्लोज्ड बाजूने पेडलचा मूळ सिग्नल जातो, आपली वीज गेली की रिले पडतो, पेडल परत पायाच्या ताब्यात. बोर्डचं सामान सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळालं, त्यात काही विशेष नाही.

थ्रॉटल सुटलं पण स्विफ्ट बाद झाली, क्लचमुळे. मॅन्युअल गाडीला क्लचचा ॲक्च्युएटर, गिअरचे दोन, आणि त्या सगळ्यांचं टायमिंग. पोरं म्हणाली करू, मी म्हटलं करालही, पण सहा महिने क्लचवर जातील आणि त्याचा चाकणच्या रस्त्याशी काही संबंध नाही. फुकट गाडी सगळ्यात महाग पडते ती अशी.

मग एएमटी. सेलेरिओने २०१४ मध्ये भारतात एएमटी पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या बजेटमध्ये आणली, पार्ट गल्लोगल्ली, मेकॅनिक कुठलाही चालतो, किंमत बसते, म्हणून पोरांचा कल इकडे जबरदस्त होता आणि त्यात चूक काही नव्हतं. पण एएमटी म्हणजे आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक ॲक्च्युएटर करतो आणि कधी करायचं ते त्याचा टीसीयू (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) ठरवतो. रस्त्यावर ठीक आहे. आपल्याला दिवसभर चालायचंय पाच ते पंधराच्या वेगात, म्हणजे नेमकं पहिल्या-दुसऱ्याच्या सीमेवर, अर्धा वेळ क्लच घसरतोय. आपला कंट्रोलर म्हणणार थोडा वेग वाढव, त्याच क्षणी टीसीयूने गिअर बदलायला घेतला की जोर तुटतो, कंट्रोलरला वाटतं कमी पडलं म्हणून तो आणखी थ्रॉटल देतो, गिअर बसतो आणि गाडी उडी मारते. एका बैलगाडीला दोन गाडीवान बसवल्यासारखं होतं ते. एका ओळखीच्या माणसाची सेलेरिओ आणून गाळ्याच्या मागच्या मोकळ्या जागेत काकांनी अगदी हळू चालवून दाखवली, पायाखाली जाणवतं ते पोरांना लॅपटॉपवर पण दिसलं, वेगाचा ग्राफ दातेरी. माणूस हे पायाने सांभाळून घेतो. कंट्रोलरला पण शिकवता येतं, पण बाजूने माणसं चालत असताना त्याच्यावर मी भरवसा ठेवणार नाही.

नॅनोवर सगळ्यांचं प्रेम, इंजिन मागे असल्यामुळे पुढे ॲक्च्युएटरला जागा चांगली, वजन कमी, वळते छान. पण २०१८ मध्ये उत्पादन बंद झालं, पार्ट हळूहळू आटणार, आणि तिला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. एबीएस नसण्याचा अर्थ फक्त ब्रेकपुरता घेऊ नका, एबीएस असलं की चारही चाकांवर स्पीड सेन्सर आयते मिळतात आणि ओडोमेट्रीला, म्हणजे गाडी नक्की किती सरकली हे मोजायला, ते सोन्यासारखे. शेडमध्ये पत्र्याखाली जीपीएस नीट मिळत नाही तिथे हेच कामाला येतं. ई-टू-ओ प्लस इलेक्ट्रिक, छोटी, कामाला अगदी योग्य, पण २०१९ मध्ये बंद, आणि बॅटरी किंवा कंट्रोलर गेला तर पुण्यात कोणाकडे जायचं याचं खात्रीचं उत्तर काकांना पण मिळेना. ती तिथेच सुटली.

आता ब्रेक, ज्याच्यावर मला खरं बोलायचंय.

पहिला गैरसमज, एबीएस आहे म्हणजे कॉम्प्युटर ब्रेक लावू शकतो. नाही लावू शकत. साधा एबीएस युनिट चाकावरचं प्रेशर धरून ठेवू शकतो, सोडू शकतो, परत चढवू शकतो, पण ते प्रेशर मुळात पायानेच तयार झालेलं असावं लागतं. पाय न लावता स्वतःहून प्रेशर तयार करायला ईएससीवाला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) युनिट लागतो, त्यात जादा व्हॉल्व्ह असतात आणि पंप स्वतः ऑइल ओढू शकतो. आणि ईएससी असला तरी त्याला कमांड द्यायचं कुलूप कंपनीच्याच हातात. बॉशचा आयबूस्टर २०१३ पासून आहे, त्यात व्हॅक्यूमऐवजी मोटरच पुशरॉड ढकलते, बाहेर लोक स्क्रॅपमधून काढून बसवतात, पण इथे वेळेवर, चालू स्थितीत, परत दुसरा पण मिळेल अशा भरवशावर आख्खा प्रोजेक्ट उभा करणं मला पटलं नाही.

म्हणजे उरतं पेडलच ओढणं. इथे नव्वद टक्के पोरं ऑनलाइन मिळणारा लिनिअर ॲक्च्युएटर घेतात. जरा गणित करू. १५ किलोमीटर ताशी म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर. दर सेकंदाला वेग सेकंदाला ३ मीटरने कमी केला, म्हणजे बऱ्यापैकी जोरात पण आतला माणूस पडणार नाही असा, तर थांबायला साधारण २.९ मीटर लागतात. छान. पण जोरदार लिनिअर ॲक्च्युएटर सेकंदाला वीस मिलिमीटरच्या आसपास सरकतो, पेडल साठ मिलिमीटर दाबायचं तर तीन सेकंद, आणि तीन सेकंदांत गाडी आपल्या वेगाने साडेबारा मीटर गेलेली असते. ब्रेक वाटेत थोडा थोडा लागायला लागतो हे धरलं तरी फोर्कलिफ्टसमोर हे चालत नाही. दुसरं, त्याचा दांडा कडक असतो, बंद पडला की पेडल आहे तिथेच अडकतं, ड्रायव्हरला मध्ये पडता येत नाही.

टीमने ठरवलं ते असं की सीटखाली मोटर, तिच्यावर छोटा ड्रम, त्यावरून स्टीलची वायर रोप पेडलच्या आर्मला. दोर ओढू शकतो पण ढकलू शकत नाही, त्यामुळे ड्रायव्हरने पाय मारला तर दोर फक्त ढिला पडतो, पाय कधीच अडत नाही. हे मला फार आवडलं. पण यात एक मोठा धोका आहे, वीज गेली तर मोटर सुटते आणि ब्रेक पण सुटतो. म्हणून मोटरच्या जोडीला एक वेगळी स्प्रिंग, जी कायम ताणून ठेवलेली असते आणि इलेक्ट्रोमॅग्नेट तिला धरून ठेवतो. लाल मशरूम बटण दाबा, वायर तुटो, कॉम्प्युटर हँग होऊन वॉचडॉग (कॉम्प्युटर चालू आहे का ते बघणारं सर्किट) पडो, काहीही झालं तरी मॅग्नेट सोडतो आणि स्प्रिंग पेडल ओढते. वीज गेली की ब्रेक लागलाच पाहिजे, याच्यात तडजोड नाही.

आता या सगळ्याचा गाडीच्या निवडीशी संबंध कुठे येतो? बूस्टरपाशी, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागापाशी. स्विफ्टवर काकांनी दाखवलं, इंजिन बंद करून पेडल तीन-चार वेळा दाबलं, बूस्टरमधला व्हॅक्यूम संपला आणि पेडल एकदम टणक. पेडलला लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) बांधून बघितलं तर तेवढाच ब्रेक मिळवायला कितीतरी पट जास्त जोर. मग पेडल दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं, पेडल आपोआप जरा खाली बसलं. म्हणजे आपली स्प्रिंग व्हॅक्यूमच्या भरवशावर बारीक निवडली आणि नेमकं इंजिन बंद पडून बूस्टरमधला साठा संपला तर स्प्रिंग पुरत नाही. पेट्रोल गाडीत व्हॅक्यूम इंजिनकडून येतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही म्हणून वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप असतो, बारा व्होल्टवर चालणारा, आणि त्याला आपण सेन्सर लावू शकतो, दुसरी बॅटरी देऊ शकतो, व्हॅक्यूम कमी झाला तर गाडी हलूच द्यायची नाही असं सांगू शकतो. माझ्या मते निर्णय इथेच झाला, बाकी सगळं त्याला दुजोरा देणारं.

स्टिअरिंगचं थोडक्यात. जुनं हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असलेली गाडी घेऊच नये. छोट्या गाड्यांत कॉलमवर (स्टिअरिंगच्या दांड्यावर) बसलेलं ईपीएस, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं, त्यातला टॉर्क सेन्सर फसवून मोटरकडून काम करून घेता येतं, ओएससीसीने तेच केलं. टीमने भंगारातून दोन-तीन कॉलम आणले (कुदळवाडीत २०२५ च्या पाडापाडीनंतर आता पहिल्यासारखं काही राहिलं नाही, शोधत फिरावं लागतं) आणि बेंचवर ऑसिलोस्कोप लावून बघितलं. एकात अडीच व्होल्टच्या आजूबाजूला एक सिग्नल वर जाणारा एक खाली येणारा असे ॲनालॉग, दुसऱ्यात डिजिटल, जो फसवणं वेगळंच काम. मग एम्बेडेडवाल्याने सुचवलं की सेन्सरला हातच नको लावू, स्टिअरिंग व्हील आणि टॉर्क सेन्सर याच्यामध्ये कॉलमवर टूथ बेल्टने आपली छोटी मोटर बसवू, ईपीएसला वाटेल माणसाचाच हात आहे आणि तो मदत करेल. त्यामुळे मोटर लहान पुरते आणि लहान असल्यामुळे ड्रायव्हर हाताने तिला सहज हरवू शकतो. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटलं कारण यात कंपनीच्या सेफ्टी इलेक्ट्रॉनिक्समध्ये ढवळाढवळ नाही. फक्त कॉलमपाशी बेल्टला जागा हवी, आणि ती टेप घेऊन गाडी विकत घ्यायच्या आधी मोजायची.

विजेचा मुद्दा पण लोक विसरतात. कॉम्प्युटर, लायडार, मोटर मिळून पाचशे वॉट सहज, म्हणजे बारा व्होल्टवर चाळीस अँपिअरच्या वर. छोट्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर आयडलिंगला त्याच्या छापील आकड्याच्या जवळपास पण देत नाही, आणि आपली गाडी दिवसभर जवळजवळ आयडलिंगलाच असणार. इलेक्ट्रिक गाडीत डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून बारा व्होल्ट देतो, गाडी उभी असली तरी. त्याची पण मर्यादा असते, म्हणून आपल्या सामानाला वेगळी बॅटरी ठेवलीच आहे.

शेवटच्या बैठकीत साहेब गाळ्यावर आले होते. पोरांनी टिगोर ईव्ही मांडली. एका पोराने अजून सेलेरिओचा धोशा धरला होता, "काका, तिचे पार्ट रात्री बारा वाजता पण मिळतील." काका म्हणाले "अरे मिळतील रे, पण तुला पार्ट लागणार कशाला हे बघ. टिगोर काय आणि टियागो काय, एकाच घरातल्या पोरी. टियागो तर गल्लीत दहा उभ्या आहेत." आणि हे बरोबर होतं. ईव्हीचे मोटर-कंट्रोलर-बॅटरी सोडले तर कॉलम, पेडल, ब्रेक या भागांत टियागो-टिगोरचं बरंचसं सारखं असण्याची शक्यता चांगली, पार्ट नंबर जुळवून घ्यायचे मात्र विसरायचं नाही. म्हणजे गाडीला हात न लावता बेंचवर दुसरा सेट उभा करता येतो, तोडून बघता येतो. साहेबांनी एकच विचारलं, बॅटरी किती दिवस टिकेल. उत्तर हे की २०१९ च्या मॉडेलचा २१.५ किलोवॉट-अवरचा पॅक, एआरएआयचा (गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा) दाखला नवीन असताना २१३ किलोमीटरचा, आता त्याच्या अर्धं उरलं असलं तरी कंपनीच्या आवारात ते दिवसभराला पुरून उरतं. म्हणून फ्लीटमध्ये पिदलेली, रेंज गेलेली म्हणून स्वस्त झालेली गाडी बाकी कोणाला नकोशी असली तरी या कामाला चालते. शिवाय ही पिढी ७२ व्होल्टची. नेक्सॉन ईव्हीसारखे तीनशेच्या वरचे व्होल्ट नाहीत. ७२ ला पण हातमोजे आणि शिस्त हवीच, तरी पोरं आजूबाजूला काम करतायत तेव्हा मला याने झोप नीट लागते.

घेताना बॅटरीपेक्षा जास्त वेळ ब्रेकवर घालवला. व्हॅक्यूम पंप किती वेळाने चालू होतो, चालू झाल्यावर किती वेळ चालतो, सारखा चालत असेल तर कुठेतरी गळती आहे. इग्निशन ऑन करून पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली जातं का, गेलं तर मास्टर सिलिंडर गेलाय. एबीएसचा दिवा चालू होऊन विझतो का, कारण कधी कधी विकणारा बल्बच काढून ठेवतो. मागचे ड्रम उघडून बघितले. स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत उभ्या गाडीत फिरवताना कुठे अडकतं का, आणि ईपीएसचा आवाज दोन्हीकडे सारखा येतो का. एक गाडी दिसायला एकदम चकाचक होती, ती पंप सारखा चालत होता म्हणून सोडली. घेतलेली गाडी बाहेरून खरचटलेली आहे, सीट फाटलेत, पण पेडल घट्ट आणि सरळ.

टिगोर घेतली म्हणून सगळंच सोपं झालं असं नाही, हे पण सांगायला हवं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटरच्या रिजनने (मोटर उलट वीज बनवून बॅटरीत टाकते) गाडी आपोआप हळू होते आणि कमी वेगात कंट्रोल फार गुळगुळीत मिळतो, आलेख एएमटीसारखा दातेरी नाही. पण बॅटरी फुल असताना रिजन कमी होतं, त्यामुळे थांबायच्या अंतरात रिजन अजिबात धरायचं नाही असा नियम करावा लागला, आणि कंट्रोलरला सकाळी पहिल्या फेरीत वेगळं वागावं लागतं. सेडान असल्यामुळे मागची डिकी कॉम्प्युटरला मिळाली पण लांबी वाढली, वजनकाट्याजवळच्या वळणावर हॅचबॅक जास्त सोयीची झाली असती.

सध्या गाडी भोसरीच्या मागच्या जागेत जॉयस्टिकवर चालते, माणूस चालतो त्या वेगाने. थ्रॉटल आणि बेल्टवालं स्टिअरिंग बसलंय, मोटरचा दोर पण बसलाय. स्प्रिंगचा जोर ठरवायचं काम चालू आहे, कारण एकट्या ड्रायव्हरसाठी बरोबर बसलेली स्प्रिंग चार माणसं बसल्यावर उतारावर कमी पडते, आणि चार माणसांसाठी कडक केली तर रिकाम्या गाडीत ड्रायव्हरचं डोकं पुढे जातं. दोन टप्प्यांची स्प्रिंग करून बघतायत, पहिला टप्पा मऊ आणि अर्ध्या सेकंदाने दुसरा. व्हॅक्यूम असताना आणि मुद्दाम काढून टाकून, कोरड्या रस्त्यावर आणि पाणी मारून, रिकामी आणि भरलेली, अशी सगळी अंतरं टेपने मोजून वहीत उतरल्यावरच गाडी फ्लॅटबेडवर चढणार आहे, आणि चाकणला गेल्यावर वजनकाट्याच्या उतारावर तीच मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची आहे.